गावालगतची संशोधनशाळा : टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या तुळजापूर परिसराची वाटचाल

संस्थेचा इतिहास लिहायला घेतला की संस्थापक, संचालक, इमारती आणि अभ्यासक्रम यांची यादी आपोआप पुढे येते. तुळजापूरच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा इतिहासही तसा लिहिता येईल. पण या परिसराचे मोल त्या यादीत पुरतेपणी उतरत नाही. संशोधन खेड्याच्या शेजारी राहून करायचे, तर प्राध्यापकाच्या पाठीशी काय काय उभे राहावे लागते, याची जाण मराठवाड्याला या परिसराच्या वाटचालीतून आली. ग्रंथालय, गावांशी जुळलेले नाते, माहिती गोळा करणारे हात, हिशेब पाहणारी कचेरी आणि या सर्वांचे प्रशिक्षण यांवाचून चांगला अहवाल तयार होत नाही. म्हणून या लेखात परिसराच्या इतिहासाबरोबरच संशोधनाच्या या आधाराचाही इतिहास मांडला आहे.

पार्श्वभूमी

17 सप्टेंबर 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उच्च शिक्षणासाठी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची वाट धरावी लागे. मराठवाडा विद्यापीठ 23 ऑगस्ट 1958 रोजी औरंगाबादला स्थापन झाले आणि त्यानंतरच्या दशकांत जिल्ह्याच्या गावांतून महाविद्यालये उभी राहिली. शिक्षण संस्था काढणाऱ्यांनी वर्ग बांधले, प्राध्यापक नेमले, गरिबांची मुले पदवीपर्यंत नेली. हे काम मोठेच होते. पण संशोधनासाठी लागणारी सामग्री मात्र विद्यापीठाच्या गावीच राहिली. तुळजापूरच्या प्राध्यापकाला एखादे नियतकालिक चाळायचे, मार्गदर्शकाला प्रकरण दाखवायचे, तर सुमारे अडीचशे किलोमीटरचा प्रवास करून औरंगाबाद गाठावे लागे. त्यामुळे पीएच.डी. करण्याची इच्छा असलेले अनेकजण अध्यापनातच अडकून राहिले.

दुसरीकडे, अभ्यासाचा विषय मात्र दारातच होता. बालाघाटच्या डोंगररांगेवरचा हा भाग पर्जन्यछायेतला. 1972 च्या दुष्काळाची आठवण घरोघर ताजी होती. त्या दुष्काळातील कामांतून पुढे आलेल्या रोजगार हमी योजनेवर इथल्या कुटुंबांनी खडी फोडली, पाझर तलाव खोदले. 16 ऑगस्ट 1982 रोजी लातूर जिल्हा वेगळा झाला, आणि उरलेला उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्हा राज्यातल्या मागास जिल्ह्यांत गणला जात राहिला. सामाजिक प्रश्न इथे आणि ते अभ्यासण्याची साधने दूर, अशी ही स्थिती होती.

मुंबईहून तुळजापूरला

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची सुरुवात 1936 मध्ये मुंबईत झाली. नागपाड्याच्या गिरणी-गोदी कामगारांच्या वस्तीत काम करणारे डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट तिचे पहिले संचालक. तेव्हा तिचे नाव सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क असे होते आणि पहिल्या तुकडीत 20 विद्यार्थी होते. 1944 मध्ये आजचे नाव मिळाले, 1954 मध्ये संस्था देवनारला आली आणि 1964 मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. वस्तीत राहून शिकायचे हा धडा तिच्या जन्मापासूनचा. वर्गात ऐकलेले वस्तीत तपासून पाहायचे आणि वस्तीत दिसलेले वर्गात मांडायचे, ही तिची रीत. 1984 मध्ये मुंबई पोलिसांसोबत सुरू झालेला महिलांसाठीचा विशेष कक्ष हा त्याच रीतीतून उभा राहिलेला क्षेत्रीय प्रकल्प होता.

मात्र महानगरात राहून ग्रामीण प्रश्न शिकवायला मर्यादा होत्या. विद्यार्थी महिनाभर खेड्यात जाऊन परत येत. खेडे वर्षभर काय जगते, ते त्यांच्या हाती लागत नसे. 1986 मध्ये संस्थेचा ग्रामीण परिसर तुळजापूरला सुरू झाला, तो ही उणीव भरून काढण्यासाठी. शहराबाहेर आपसिंगा रस्त्यालगत सुमारे 100 एकर जागा मिळाली. सुरुवातीला भर होता तो गावांतल्या कामावर. पदव्यांचे वर्ग पुढे आले. आधी गावाची ओळख, मग अभ्यासक्रम, हा क्रम या परिसराच्या पुढच्या सगळ्या कामाला उपकारक ठरला.

त्या वेळी डॉ. आर्मायटी देसाई संस्थेच्या संचालक होत्या. 1982 ते 1995 अशी तेरा वर्षे त्यांनी ही धुरा वाहिली आणि त्यानंतर 1995 ते 1999 या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद सांभाळले. ज्यांच्या कारकिर्दीत संस्था तुळजापूरच्या माळावर आली, त्यांच्याच हाती पुढे देशभरातल्या अध्यापकांच्या प्रशिक्षणाची सूत्रे गेली. तुळजापूरकरांनी अभिमानाने लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

30 सप्टेंबर 1993

परिसर सात वर्षांचा झाला असताना किल्लारीचा भूकंप झाला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे आठ हजार माणसे गेली, बावन्न गावे पूर्ण उद्ध्वस्त झाली. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या सास्तूरसारख्या गावांनी फार मोठा आघात सोसला. जागतिक बँकेच्या कर्जातून राज्य शासनाने भूकंप पुनर्वसनाचा कार्यक्रम हाती घेतला. गावकऱ्यांना विचारून, त्यांना सोबत घेऊन पुनर्वसन करायचे, हे तत्त्व त्यात स्वीकारले गेले. या पाहणीच्या आणि लोकसहभागाच्या कामात टाटा संस्था उतरली.

अशा पाहणीत प्रश्नावली हाती घेऊन ढिगाऱ्याशेजारी बसलेल्या माणसासमोर जावे लागते. घरात किती माणसे होती, हा साधा प्रश्नसुद्धा तिथे साधा राहत नाही. कोणाला आधी भेटायचे, कुठे थांबायचे, कोणता प्रश्न आज विचारायचाच नाही, हे पुस्तकातून शिकता येत नाही. ज्या संस्थेची माणसे आधीपासून जवळपास राहत आहेत, तिलाच ते जमते. आपत्तीनंतरच्या समाजकार्याचा टाटा संस्थेचा अनुभव असा साठत गेला. 2006 मध्ये संस्थेने मुंबईत जमशेटजी टाटा आपत्ती व्यवस्थापन केंद्र स्थापन केले, तेव्हा त्यामागे किल्लारीपासून त्सुनामीपर्यंतच्या कामाची शिदोरी होती.

उच्च न्यायालयात पोचलेला अहवाल

तुळजापूर परिसराच्या नावावर नोंदले गेलेले सर्वांत महत्त्वाचे संशोधन शेतकरी आत्महत्यांवरचे आहे. महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्यांचा प्रश्न जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयापुढे आला आणि त्याची कारणे शोधण्याचे काम टाटा संस्थेकडे आले. मार्च 2005 मध्ये न्यायालयाला सादर झालेल्या अहवालावर संस्थेच्या तुळजापूर ग्रामीण परिसराचे नाव आहे. अजय दांडेकर, शहाजी नरवडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिळून तो लिहिला. मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातल्या आत्महत्याग्रस्त कुटुंबांपर्यंत हे पथक पोचले.

अहवालाचा निष्कर्ष स्पष्ट होता. पुन्हापुन्हा हातचे जाणारे पीक, वाढता लागवड खर्च आणि त्याला न पुरणारा भाव, डोईवर चढत जाणारे कर्ज आणि आधाराचे एकेक दार बंद होत जाणे, या सगळ्यांची सांगड त्यांनी घातली. आत्महत्येला केवळ व्यसन किंवा घरगुती भांडण असे लेबल लावून फाइल बंद करण्याला या अभ्यासाने उत्तर दिले. पुढच्याच वर्षी, जानेवारी 2006 मध्ये, मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतील श्रीजित मिश्रा यांचा याच प्रश्नावरचा अहवाल आला. या दोन अहवालांना टाळून आज या विषयावर गंभीरपणे लिहिता येत नाही.

असा अहवाल लिहायला विद्वत्ता लागते, तशीच यंत्रणाही लागते. मृताच्या घरी जाण्याआधी गावात ओळख असावी लागते. सातबारा, सोसायटीचे कर्जखाते, सावकाराची तोंडी बाकी, बियाणे-खताच्या दुकानाची उधारी या चार ठिकाणची माहिती एकमेकींशी ताडून पाहावी लागते. उत्पन्न कोणी क्विंटलमध्ये सांगतो, कोणी पोत्यांत. जमीन कोणी एकरात सांगतो, कोणी गुंठ्यांत. हे सर्व एका मापात आणणारा माणूस चुकला, तर पुढचे सगळे तक्ते चुकतात. मुलाखत मराठीत, तीही मराठवाडी बोलीत, आणि अहवाल इंग्रजीत. मधल्या भाषांतरात शेतकऱ्याचे म्हणणे हरवू नये, यासाठी दोन्ही भाषा आणि शेती जाणणारे सहकारी लागतात. न्यायालयात पोचलेल्या पानांमागे एवढे काम उभे होते.

अभ्यासक्रम आणि नवे प्रश्न

2000 नंतर परिसराचे रूप पालटले. ग्रामीण विकासाचे शिक्षण इथेच द्यायचे ठरले आणि देशभरातून विद्यार्थी तुळजापूरला येऊ लागले. ग्रामीण विकासातील समाजकार्य, विकास धोरण आणि नियोजन, शाश्वत उपजीविका आणि नैसर्गिक संसाधनांचे शासन असे पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाले. 2012 मध्ये सामाजिक शास्त्रांतील पदवी अभ्यासक्रमही आला. केरळची, ईशान्य भारताची, झारखंडची मुले बालाघाटच्या गावांत शिवारफेरी करू लागली, ग्रामसभेला बसू लागली, पाणलोटाचे नकाशे काढू लागली.

अभ्यासक्रम आले तसे प्राध्यापक इथे स्थिरावले आणि त्यांच्या संशोधनाच्या गरजाही वाढल्या. त्यांच्याकडून आता अध्यापन, क्षेत्रकार्याची देखरेख, स्वतःचे संशोधन आणि पीएच.डी.चे मार्गदर्शन अशी चारही कामे अपेक्षित होती. हा भार एकट्याने पेलण्यासारखा नव्हता. संशोधनाला आधार देणाऱ्या सेवा इथे चैनीची बाब नव्हत्या, त्या गरजेतून आल्या.

अध्यापकांच्या प्रशिक्षणाची चळवळ

देशपातळीवरही हाच प्रश्न पुढे आलेला होता. तुळजापूरचा परिसर सुरू झाला त्याच 1986 साली राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. महाविद्यालयीन अध्यापकालाही प्रशिक्षण हवे, हे या धोरणाने ठामपणे मांडले. त्यानुसार 1987 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजे काढली. त्यांची संख्या पुढे 66 झाली. औरंगाबादच्या विद्यापीठातही असे केंद्र उभे राहिले. नव्या अध्यापकांसाठी चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग आणि आपल्या विषयातील नव्या ज्ञानासाठी तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग, अशी त्यांची घडी बसली. पदोन्नतीशी हे वर्ग जोडले गेल्याने मराठवाड्यातल्या जवळजवळ प्रत्येक प्राध्यापकाने कधी ना कधी त्यांची पायरी चढली आहे. 2015 मध्ये या केंद्रांना मानव संसाधन विकास केंद्र आणि 2023 मध्ये मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र अशी नावे मिळाली.

सामाजिक शास्त्रांसाठी 1969 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे साहाय्य मोलाचे ठरले. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांचे संशोधनपद्धतीचे वर्ग आणि तरुण प्राध्यापकांसाठी सुमारे दोन आठवड्यांच्या क्षमताबांधणीच्या कार्यशाळा या परिषदेच्या अनुदानातून होतात. नमुना कसा निवडावा, प्रश्नावलीची पूर्वचाचणी कशी घ्यावी, संगणकावर आकडे कसे तपासावेत, मुलाखतीतून अर्थ कसा काढावा, प्रकल्पाचा प्रस्ताव कसा लिहावा, हे तिथे शिकवले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांनी पीएच.डी.ला अभ्यासवर्ग सक्तीचे केल्यावर अशा प्रशिक्षणाची गरज कैकपटीने वाढली.

या वर्गांचा लाभ निःसंशय झाला. पण वर्गात शिकलेले शिवारात वापरून पाहायला मिळाले तरच ते अंगी मुरते. तुळजापूरचे बळ इथेच आहे. नमुना निवडीचे गणित शिकल्यावर दुसऱ्या दिवशी तीच यादी घेऊन गावात जाता येते आणि यादीतल्या घरांना कुलूप का आहे, ते समजून घेता येते. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्या महिन्यांत केलेली पाहणी सर्वांत गरीब घरे वगळूनच होते. शारदीय नवरात्रात आणि आश्विन पौर्णिमेच्या यात्रेत तुळजापूरकडे येणारे रस्ते भाविकांनी भरून जातात, तेव्हा गावभेटींचे नियोजन निराळे करावे लागते. म्हाताऱ्या माणसाला वर्ष विचारले तर आठवत नाही. मात्र बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर, भूकंपाच्या साली की पुढच्या, असे विचारले की सगळा पट उलगडतो. संशोधनपद्धतीच्या जाड ग्रंथांना इथल्या मातीची अशी टीप जोडावी लागते.

ग्रंथालयापासून जाळ्यापर्यंत

दूरच्या परिसरातल्या संशोधकाला सर्वांत मोठा अडसर होता तो ग्रंथांचा. हा अडसर गेल्या पाव शतकात बराच दूर झाला. इन्फ्लिबनेट हे विद्यापीठ अनुदान आयोगाचे आंतरविद्यापीठ केंद्र 1991 मध्ये अहमदाबादला कार्यक्रम म्हणून सुरू झाले आणि 1996 मध्ये स्वायत्त झाले. त्याच्या द्वारे विद्यापीठांना नियतकालिके संगणकावर मिळू लागली. देशभरातल्या प्रबंधांचा साठा असलेली शोधगंगा खुली झाल्यावर तर मोठाच बदल झाला. कोणत्या विषयावर कोणी काय लिहिले आहे, हे पाहण्यासाठी विद्यापीठाच्या गावी मुक्काम करण्याची गरज उरली नाही.

साठा खुला झाला, पण त्यातून हवे ते काढण्याचे कसब शिकवावे लागले. हे काम ग्रंथपालांनी केले. पुस्तके देणे-घेणे ही त्यांची जुनी ओळख. आता संदर्भ कसा शोधावा, नोंदी कशा ठेवाव्यात, बनावट नियतकालिक कसे ओळखावे, हे प्राध्यापकांना शिकवणारे शिक्षक म्हणून ते उभे राहिले. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांना आळा घालण्यासाठी आयोगाने केअर यादी केली. तिचे काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चाले. फेब्रुवारी 2025 मध्ये आयोगाने ती यादी बंद करून नियतकालिक पारखण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली. त्यामुळे ग्रंथपालाचा सल्ला पूर्वीपेक्षा अधिक गरजेचा झाला आहे.

संशोधनाची नीती

2018 मध्ये आयोगाने वाङ्मयचौर्य रोखण्याचे नियम आणले. प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर पायरीपायरीने कारवाई, आणि साठ टक्क्यांच्या वर गेले तर नोंदणीच रद्द, अशी तरतूद त्यात आहे. 2019 मध्ये संशोधन आणि प्रकाशन नीतीचा तीस तासांचा, दोन श्रेयांकांचा अभ्यास पीएच.डी.साठी आवश्यक ठरला. साम्य तपासणारी आज्ञावली संस्थांना त्याच वर्षी शोधशुद्धी योजनेतून मिळू लागली.

ग्रामीण संशोधनाची नीती मात्र एवढ्यावर संपत नाही. ज्यांच्या दु:खावर आपण प्रबंध लिहितो, त्यांची संमती खरोखर घेतली का, हा पहिला प्रश्न. निरक्षर बाईचा अंगठा कागदावर उमटवून घेणे म्हणजे संमती नव्हे. अभ्यास कशासाठी आहे, त्यातून तिला काय मिळणार आणि काय मिळणार नाही, उत्तर नाकारले तरी कोणत्याही योजनेचा लाभ बंद होणार नाही, हे तिच्या भाषेत सांगावे लागते. नाव उघड होऊ न देण्याची खबरदारीही लहान गावात अवघड असते, कारण नाव वगळले तरी दोन खुणांवरून माणूस ओळखू येतो. टाटा संस्थेत संशोधन प्रस्ताव नीतीच्या अंगाने तपासणारे मंडळ आहे. गावाच्या इतक्या जवळ राहणाऱ्या परिसराला या तपासणीचे मोल सर्वांत जास्त, कारण इथला संशोधक उद्या पुन्हा त्याच गावात जाणार असतो.

पाठीशी उभी असलेली माणसे

या इतिहासात एका वर्गाची नोंद सहसा होत नाही. गावोगावी घेऊन जाणारे चालक, सरपंचाला फोन करून गावभेट ठरवणारे समन्वयक, माहिती भरणारे आणि तपासणारे, प्रकल्पाचा पै न पैचा हिशेब ठेवून खर्चाचा दाखला वेळेत पाठवणारे लेखापाल, संगणक आणि इंटरनेट चालू ठेवणारे तंत्रज्ञ, वसतिगृह आणि स्वयंपाकघर सांभाळणारी स्थानिक माणसे, हे सारे संशोधनाचे भागीदार आहेत. खर्चाचा दाखला अडला की पुढचा हप्ता अडतो आणि हप्ता अडला की पाहणी अर्धवट राहते. म्हणून प्रशिक्षणाचा विचार प्राध्यापकांपाशी थांबवून चालत नाही. माहितीची गोपनीयता, निधीचे नियम, नव्या आज्ञावली आणि गावकऱ्यांशी बोलण्याची रीत यांचे शिक्षण कर्मचाऱ्यांनाही तितक्याच गांभीर्याने मिळाले पाहिजे. प्राध्यापक बदलून जातात, विद्यार्थी दोन-तीन वर्षांत पदवी घेऊन जातात. गावांची ओळख आणि जुन्या पाहण्यांची स्मृती जपतात ती ही माणसे.

पुढचे काम

केंद्र शासनाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी एक राष्ट्र एक वर्गणी योजना मंजूर केली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक आणि सुमारे 13,000 नियतकालिके असा तिचा आवाका आहे. पहिला टप्पा शासकीय व्यवस्थापनाखालील सुमारे 6,300 संस्थांसाठी आहे. मराठवाड्यातली बहुसंख्य महाविद्यालये खासगी शिक्षण संस्थांची आहेत, म्हणून ती या टप्प्याबाहेर राहिली. ज्या प्राध्यापकांना ग्रंथांची सर्वांत जास्त चणचण आहे, त्यांच्यापर्यंत ही गंगा अजून पोचायची आहे.

धाराशिव जिल्ह्यात आज टाटा संस्थेचा तुळजापूर परिसर आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा धाराशिवला 2004 पासूनचा उपपरिसर आहे आणि तालुक्यातालुक्यांत महाविद्यालये आहेत. 2018 मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत या जिल्ह्याचे नाव आले. म्हणजे संशोधनाची गरज शासनाच्या नोंदीतही मान्य झालेली आहे. या सर्वांनी मिळून जिल्ह्यासाठी एक सामायिक संशोधन साहाय्य केंद्र उभारावे, असे आवाहन या लेखाच्या निमित्ताने करावेसे वाटते. तिथे कोणत्याही महाविद्यालयाच्या प्राध्यापकाला नियतकालिके वाचता यावीत, प्रश्नावली तपासून मिळावी, आकड्यांच्या विश्लेषणाला मदत मिळावी, प्रकल्पाचा प्रस्ताव लिहिताना सल्ला मिळावा. ग्रंथपाल, लेखापाल आणि क्षेत्र-समन्वयक यांचे वर्षातून एकदा तरी प्रशिक्षण तिथे व्हावे. आणि गावांतून गोळा केलेल्या माहितीचा मराठी गोषवारा त्या त्या ग्रामपंचायतीला परत देण्याची प्रथा तिथून सुरू व्हावी.

1986 मध्ये मुंबईची एक नामांकित संस्था आपण होऊन तुळजापूरच्या माळावर आली, तिने मराठवाड्याच्या दुःखाचा अभ्यास केला आणि ते थेट न्यायालयापुढे मांडले. तिच्या साठलेल्या अनुभवाचा लाभ जिल्ह्यातल्या प्रत्येक होतकरू प्राध्यापकाला आणि कर्मचाऱ्याला मिळवून देणे ही आता आपल्या सर्वांची जबाबदारी आहे. शिक्षण संस्थाचालक, प्राचार्य आणि विद्यापीठाचे अधिकारी यांनी त्यासाठी एकत्र बसावे, ही कळकळीची विनंती.